एकूण कोलेस्टेरॉल माझे जास्त, मग डॉक्टरांना काळजी भावाची का वाटते?

कोवळे ऊन

नमस्कार. गेल्या आठवड्यात मी (वय ४९) आणि माझा धाकटा भाऊ (वय ४५) अशा दोघांनी एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत, बारा तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइलसाठी (रक्तातील मेदाच्या तपासणीसाठी) रक्त दिले. आमच्या वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यामुळे ही तपासणी करायची, असे आम्ही बरेच दिवस म्हणत होतो.

माझा अहवाल असा आहे : एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल (ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात) ६२, ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा आणखी एक प्रकार) ११०, व्हीएलडीएल २२, एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) १४४. भावाचा असा : एकूण १८६, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २६५, व्हीएलडीएल ५३, एलडीएल १०२. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. माझ्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल या दोन्ही आकड्यांपुढे तारांकन आहे. भावाचे एकूण कोलेस्टेरॉल मर्यादेत असल्यामुळे तो निश्चिंत झाला आणि मी मात्र दोन रात्री नीट झोपले नाही. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडे बघूच, पण आधी यांना पाठवा." त्या दिवशी बाहेर बरीच गर्दी होती, त्यामुळे सविस्तर बोलणे झाले नाही.

भाऊ दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो, त्याचा रक्तदाब त्या दिवशी १४८/९४ भरला आणि गेल्या काही वर्षांत त्याचे पोट सुटले आहे. मी धूम्रपान करत नाही, माझा रक्तदाब ११८/७६ आहे. तीन वर्षांपूर्वी माझे एकूण कोलेस्टेरॉल २०३ होते आणि या वर्षी माझी पाळी थांबली आहे. हे आकडे कसे वाचावेत आणि डॉक्टरांनी भावाला आधी का बोलावले असेल, हे कोणी समजावून सांगू शकेल का? मला लगेच औषध सुरू करावे लागेल का, हीही धास्ती आहे.

सूक्ष्मदर्शी

मी जीवरसायन प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करते, त्यामुळे कागदावरचे आकडे कुठून येतात एवढेच सांगते. उपचाराबद्दल बोलण्याचा अधिकार माझा नाही.

अहवालात पाच आकडे दिसतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांतले तीनच प्रत्यक्ष मोजलेले असतात : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. उरलेले दोन गणिताने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागले की व्हीएलडीएल मिळते, आणि एकूणातून एचडीएल व व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल. आपल्या बाबतीत २२८ मधून ६२ आणि २२ वजा जाता १४४ उरतात, भावाच्या बाबतीत १८६ मधून ३१ आणि ५३ वजा जाता १०२. हे सूत्र फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडले आणि ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. मात्र ट्रायग्लिसराइड वाढत जाते तसा 'पाचाने भागा' हा नियम सैल पडतो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू लागते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर हे सूत्र वापरूच नये, असे ते मांडणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. २६५ ही पातळी त्या मर्यादेच्या आत असली, तरी भावाचा १०२ हा आकडा मी तरी काटेकोर मानणार नाही. २०१३ मध्ये आणि २०२० मध्ये सुधारित सूत्रे आली आहेत. काही प्रयोगशाळा ती वापरतात, काही एलडीएल थेट मोजतात. अहवालात एलडीएलसमोर 'गणिताने काढलेले' की 'थेट' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते जरूर पाहावे.

ट्रायग्लिसराइड ज्या वेळी जास्त असते त्या वेळी मी लोकांना एक साधी वजाबाकी करायला सांगते : एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. याला नॉन-एचडीएल म्हणतात. यात ट्रायग्लिसराइडचा संबंध येत नाही, म्हणून त्याची चूकही शिरत नाही आणि ही वजाबाकी उपाशीपोटी नसतानाही चालते. आपले नॉन-एचडीएल १६६ येते, भावाचे १५५. म्हणजे एलडीएलमध्ये आपल्या दोघांत ४२ चे अंतर दिसत होते, ते येथे ११ वर आले.

तारांकनाविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण त्या एका चिन्हापायी लोक किती घाबरतात हे मी खिडकीपाशी रोज पाहते. ते चिन्ह संगणक टाकतो. आकडा छापील मर्यादेबाहेर गेला की चिन्ह उमटते, समोरच्या माणसाचे वय, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरातला इतिहास त्या संगणकाला ठाऊक नसतो. शिवाय एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल दोन वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा टक्क्यांनी सहज वेगळे येऊ शकते, आणि ट्रायग्लिसराइड तर वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक. आदल्या संध्याकाळी मद्य घेतले असेल तर ट्रायग्लिसराइड चढते, नुकताच मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर कोलेस्टेरॉल तात्पुरते उतरते. म्हणून मोठा निर्णय एकाच अहवालावर घेऊ नये. पुन्हा रक्त द्याल तेव्हा आधी पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्या.

रुग्णसेवक

मी वैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे येथे औषध सुचवणार नाही, पण आपल्या डॉक्टरांनी भावाला आधी का बोलावले असावे ते मात्र सांगता येईल, कारण मीही तेच केले असते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. रक्तातून त्याचा प्रवास प्रथिनांचे वेष्टन असलेल्या कणांतून होतो. एलडीएल, व्हीएलडीएल ही त्या कणांची नावे आहेत आणि धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून अडकून बसतात ते हेच कण. अहवालातला एलडीएलचा आकडा या कणांमध्ये भरलेल्या कोलेस्टेरॉलचे वजन सांगतो, कण किती आहेत ते सांगत नाही. ज्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असते त्यांच्यात एलडीएलचे कण बहुधा लहान आणि कोलेस्टेरॉल कमी भरलेले असतात. मग वजन कमी भरते, पण संख्या जास्त असू शकते. गाडीत माणसे कमी बसली म्हणून रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत, आणि धमनीच्या भिंतीला धडक बसते ती गाडीची. ही संख्या मोजायची असेल तर अपोलिपोप्रोटीन-बी ही तपासणी आहे, कारण अशा प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो. भावाच्या बाबतीत ती करून घेण्याजोगी आहे.

परंतु भावाला आधी बोलावण्याचे मुख्य कारण लिपिडच्या कागदावर नाहीच, ते आपण स्वतःच शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे. धूम्रपान, १४८/९४ रक्तदाब, सुटलेले पोट, आणि वडिलांना ५५ वर्षांच्या आत आलेला झटका. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, पुरुषाचे एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक आणि कमरेचा वाढलेला घेर, या पाचांपैकी कोणतेही तीन निकष जुळले की आम्ही त्याला चयापचयाचा विकार (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतो. भावाचे पहिले तीन आजच जुळतात, आणि साखर तर अजून मोजलेलीही नाही. हे घटक एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, ते एकमेकांचा परिणाम वाढवतात. रक्तदाब आणि धूम्रपान धमनीच्या अस्तराला इजा करतात आणि त्याच अस्तरातून कण आत शिरतात. धूम्रपानाने रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. धमनीतला मेदाचा साठा फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते तेव्हा झटका येतो, म्हणून हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अनेकदा तो साठा तोवर इतका मोठाही नसतो की चालताना छातीत दुखावे, म्हणून 'मला काही त्रास होत नाही' यावर विसंबू नये.

आता आपल्याविषयी. वयाच्या या टप्प्यावर पाळी थांबताना बहुतेक स्त्रियांचे एलडीएल वाढते, त्यामुळे २०३ चे २२८ होण्यात त्याचा वाटा असू शकतो. मात्र सगळे त्यावर ढकलण्यापूर्वी थायरॉइडची टीएसएच तपासणी, साखर, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या चाचण्या करून घ्याव्यात. थायरॉइड मंदावले की यकृतावरील एलडीएलचे ग्राहक (एलडीएलचे कण पकडून आत घेणारी प्रथिने) कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचते. हे ग्राहक कसे काम करतात हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधून काढले, त्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधेही शेवटी याच वाटेने काम करतात : यकृताची स्वतःची कोलेस्टेरॉलनिर्मिती कमी झाली की यकृत पृष्ठभागावर अधिक ग्राहक आणते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. आहारातील संपृक्त मेदाने याच्या उलट होते, म्हणून तो कमी करून त्या जागी असंपृक्त मेद आणि विरघळणारे तंतू आणावेत, असा सल्ला आम्ही देतो.

आणखी एक तपासणी दोघांनीही करावी, ती म्हणजे लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच एका कणाची. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते आणि ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. कमी वयात झटका आलेल्या व्यक्तीच्या मुलांमध्ये ती मोजणे विशेष गरजेचे आहे. लिपिड प्रोफाइलमध्ये तिचा समावेश नसतो.

तर्कशील

मला वेगळे म्हणायचे आहे. झटका येऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या कितीतरी लोकांचे एलडीएल मर्यादेतच असते, हे डॉक्टर मंडळींनाही ठाऊक आहे. मग एलडीएलला इतके महत्त्व कशासाठी? ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांचे गुणोत्तर पाहावे, तेच खरे. ताईंचे गुणोत्तर दोनच्याही खाली आहे आणि एचडीएल ६२ म्हणजे त्यांना संरक्षण आहे. त्यांनी १४४ कडे लक्ष देऊ नये असे माझे मत आहे. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात हे माझ्या दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत मी पाहिले आहे.

रुग्णसेवक

आपला पहिला मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. अहवालावरची मर्यादा ही निरुपद्रवी पातळी नव्हे. मधुमेह, धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाला ११० एलडीएलनेही झटका येतो, आणि झटक्यानंतरच्या दिवसांत एलडीएल तात्पुरते उतरते, त्यामुळे रुग्णालयात मोजलेला आकडा दिशाभूल करू शकतो. एलडीएल कारणीभूत आहे याचे पुरावे वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका जागी मिळतात. जन्मतः पीसीएसके-९ हे प्रथिन नीट काम न करणाऱ्या लोकांचे एलडीएल आयुष्यभर कमी राहते आणि त्यांच्यात हृदयविकार स्पष्टपणे कमी आढळतो, हे २००६ मध्ये दाखवले गेले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले त्यांच्यात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. अनेक चाचण्यांची एकत्रित आकडेवारी सांगते की एलडीएल सुमारे ३९ ने उतरवले की झटका आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने घटतात.

एचडीएलच्या संरक्षणाबद्दल आम्ही डॉक्टरही एके काळी असेच मानत होतो. कमी एचडीएल हे धोक्याचे चिन्ह आहे यात शंका नाही, पण ते वाढवले म्हणजे धोका उतरतो असे सिद्ध झालेले नाही. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढत असे, आणि तरीही औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळल्यामुळे २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे ६२ हा आकडा १४४ ला खोडून काढतो असे समजू नये. आपण म्हणता ते गुणोत्तर शरीर इन्सुलिनला दाद देते की नाही याचा अंदाज घ्यायला उपयोगी आहे, आणि भावाचे गुणोत्तर साडेआठच्या वर आहे. म्हणजे आपल्या मोजपट्टीनेही आधी भावालाच बोलवावे लागेल.

पायवाट

स्नायूंच्या दुखण्याचा उल्लेख आला म्हणून माझा अनुभव लिहितो. ३६ व्या वर्षी माझे एलडीएल २१४ निघाले. आईला ४८ व्या वर्षी हृदयविकार झाला होता, हे मी सांगितले होते. तरीही त्या वेळी ज्यांना दाखवले त्यांनी आहारावर दोष ठेवून मला परत पाठवले. मी दोन वर्षे अतिशय कडक पथ्य पाळले, वजन नऊ किलोंनी उतरले आणि एलडीएल १९७ वर येऊन थांबले. मी स्वतःलाच दोष देत राहिलो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या टाचेमागच्या स्नायूबंधावरचा जाडसरपणा बोटांनी चाचपून पाहिला आणि हा आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा प्रकार आहे असे सांगितले. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या मुलाची तपासणी त्याच्या नवव्या वर्षी झाली, म्हणून त्याची वर्षे वाया गेली नाहीत. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असलेल्या कोणीही 'आधी सहा महिने पथ्य करून बघतो' म्हणत वेळ घालवू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

स्टॅटिन सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या मांड्या दुखू लागल्या आणि मी गोळी परस्पर बंद केली, ती माझी चूक होती. डॉक्टरांनी स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी केली, ती सामान्य आली. मग त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना त्यात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेला बहुतेक त्रास औषध नसलेल्या गोळीनेही जाणवला. दुखणे खोटे नव्हते, पण त्याचे कारण बहुतेकांत औषधाचा रेणू नव्हता. काहींना खरोखरच औषधाने त्रास होतो हेही त्यांनी लपवले नाही. माझे औषध बदलले, मात्रा कमी ठेवली आणि जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध दिले. आज माझे एलडीएल ८२ आहे आणि मी रोज चालतो. तर्कशील यांनी आपल्या सहकाऱ्यांना गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलायला सांगावे.

कोवळे ऊन

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलेल्या तपासण्या केल्या. माझे टीएसएच ११.४ निघाले, म्हणजे थायरॉइड मंदावले आहे; लायपोप्रोटीन-ए १८ मिलिग्रॅम आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ५.५ टक्के. गेले काही महिने जाणवणारा थकवा मी पाळी थांबण्याशी जोडत होते. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली आहे आणि कोलेस्टेरॉलच्या औषधाचा विचार टीएसएच जागेवर आल्यानंतर करू, असे म्हटले आहे.

भावाची सरासरी साखर ६.२ टक्के आली आणि लायपोप्रोटीन-ए ११२ मिलिग्रॅम. रक्तदाब दुसऱ्या भेटीतही १४६/९२ होता. त्याला रक्तदाबाचे औषध आणि स्टॅटिन अशी दोन्ही सुरू झाली आहेत. तो मात्र विचारतो की लायपोप्रोटीन-ए जर आनुवंशिक आहे आणि पथ्याने उतरत नाही, तर बाकी सगळे कशासाठी करायचे?

रुग्णसेवक

आपल्या डॉक्टरांनी क्रम योग्य लावला आहे. थायरॉइड मंद असताना स्टॅटिन दिल्यास स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि थायरॉइड सुधारल्यावर आपले एलडीएल औषधाविना किती उतरते ते आधी पाहणे शहाणपणाचे आहे. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करतील, ते स्थिरावले की लिपिड प्रोफाइल करावे.

भावाला सांगावे की त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. लायपोप्रोटीन-ए ५० मिलिग्रॅमच्या वर गेले की धोका वाढतो, आणि त्यांचे ११२ आहे. हा एक भाग आज तरी त्यांच्या हातात नाही, म्हणूनच जे हातात आहे ते इतरांपेक्षा त्यांनी अधिक काटेकोरपणे सांभाळायचे. एलडीएल १०२ वर समाधान न मानता ७० च्या खाली आणायचे, रक्तदाब १३० च्या खाली ठेवायचा, साखर मधुमेहापर्यंत पोहोचू द्यायची नाही. आणि सिगारेट पूर्ण सोडायची, कमी करून चालणार नाही, कारण दिवसाला एक सिगारेटही हृदयाला बऱ्यापैकी नडते. सोडण्यासाठी औषधे आणि समुपदेशन उपलब्ध आहे, केवळ निर्धारावर सोडून देऊ नये. लायपोप्रोटीन-ए च्या कणांतले कोलेस्टेरॉलही अहवालातल्या एलडीएलमध्येच मोजले जाते आणि स्टॅटिनने ते उतरत नाही. त्यामुळे पुढच्या अहवालात एलडीएल अपेक्षेपेक्षा कमी उतरलेले दिसले तर औषध निरुपयोगी ठरले असे समजून त्यांनी ते थांबवू नये. त्यांना मुले असतील तर त्यांचेही लायपोप्रोटीन-ए एकदा मोजून घ्यावे.

स्टॅटिन सुरू झाल्यापासून चार ते बारा आठवड्यांत लिपिड प्रोफाइल आणि यकृताची तपासणी पुन्हा होईल. त्या भेटीला हा पहिला कागदही सोबत न्यावा. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ, अकारण घाम किंवा धाप यांपैकी काहीही काही मिनिटांहून अधिक टिकले, तर येथे प्रश्न न लिहिता, स्वतः गाडी न चालवता, तातडीची रुग्णवाहिका बोलवावी.

कोवळे ऊन

हे सारे त्याला वाचून दाखवले. त्याला दोन मुलगे आहेत, थोरला सतरा वर्षांचा. मुलांच्या तपासणीचा उल्लेख आल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने स्वतःच सिगारेट सोडण्याच्या केंद्रावर सोमवारची वेळ घेतली. मी सोबत जाणार आहे. आठ आठवड्यांनी दोघांचेही नवे अहवाल आले की येथेच लिहीन.